निर्जळी उड्डाण

जळगावच्या आमच्या घरात माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती, त्यामुळे मी जेवढी लढाऊ विमानं उडवली ती सगळी फोडणीच्या वासात उडवली. भिंतीपलीकडे आई शेवभाजीचं वाटण परतत असायची आणि अलीकडे मी कानांवर हेडफोन चढवून वीस हजार फुटांवरून उलटी होऊन खाली झेपावत असायची. आईनं मिक्सर लावला की माझ्या खोलीतला दिवा किंचित मंद व्हायचा. खिडकीत कूलर घरघरत असे आणि त्याच्या वाळ्याच्या ओल्या वासात काळ्या मसाल्याचा ठसका मिसळे. आजही कुठे काळा मसाला भाजायला घेतला की माझा उजवा हात आपोआप मुठीसारखा मिटतो, जॉयस्टिक धरल्यासारखा.

आम्ही मूळचे सावद्याचे. पप्पांचा केळीचा व्यापार तिकडेच. माझ्या इंग्लिश शाळेसाठी घर जळगावला आणलं, धंदा तिथंच राहिला. पप्पा पहाटे सावद्याला जात आणि दिवेलागणीला परत येत. त्यांच्या प्रत्येक शर्टावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असत. आई ते डाग घासून घासून थकली होती; एकदा पडला की तो डाग शर्ट फाटेपर्यंत राहतो. शाळेत मी इंग्लिशमध्ये लांबलचक निबंध लिहायची, पण बोलायची वेळ आली की घशाला कुलूप लागायचं. लग्नाकार्यात नातेवाईक म्हणायचे, "एवढे पैसे घालून इंग्लिश शिकवली, आता मराठीतही बोलत नाही ही." मी हसायची. हसलं की लोक पुढे सरकतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

गेममध्येही मी बोलत नसे. आमचा एक गट होता, देशभरातली मुलं, सगळी माइकवर ओरडायची आणि मी फक्त टाइप करायची. मी मुलगी आहे हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: मी शुद्धीच्या काठावर उडवायची. विमान जोरात वळवलं की अंगाचं वजन वाढतं, त्याचं माप म्हणजे 'जी'. दोन जी म्हणजे दुप्पट वजन, नऊ जी म्हणजे नऊपट. रक्तही तेवढंच जड होतं आणि डोक्यातून पायांकडे उतरायला लागतं. म्हणून आधी रंग जातात, मग नजरेच्या कडा काळ्या होतात आणि शेवटी शुद्ध जाते. गेममध्ये हे सगळं पडद्यावर दिसतं. कडेनं करडं वर्तुळ आवळत येतं, मधोमध नाण्याएवढा उजेड उरतो, आणि तेवढ्यात स्टिक जराशी सैल सोडली की रंग परत येतात. मी त्या नाण्याएवढ्या उजेडात तासन् तास राहू शकायची. समोरचा काळोखात जायचा आणि मी त्याच्या मागे लागायची.

गटात यावर न संपणारे वाद व्हायचे. कुणी म्हणे, गेममधला पायलट फार लवकर बेशुद्ध पडतो, खरा पायलट खास सूट घालतो, सराव करतो, त्याला जास्त सहन होतं. कुणी म्हणे, उलट, हा फार टिकतो, खरा माणूस दोन-तीन वळणांत दमेल, हा दिवसभर नऊ जी खातो आणि याला घामही येत नाही. आलेख टाकले जात, शिव्या दिल्या जात. मीही मोठ्या हुशारीनं मतं लिहायची. आमच्यातला एकही जण कधी प्रवासी विमानातदेखील बसलेला नव्हता.

एकदा पप्पांचे मोठे भाऊ, नाना, सावद्याहून आले होते. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सरक पोरी, मी बसतो." मी त्यांना बसवलं, स्टिक हातात दिली. विमान डावीकडे कललं तसे नाना खुर्चीसकट डावीकडे कलले, टेबल गच्च धरलं आणि ओरडले, "अरे अरे, पडलो ना मी!" आई पोळपाट सोडून धावत आली. नाना सावरून बसले, पोटावर हात ठेवून म्हणाले, "डोळ्याले वाटते पडलो, पण पोटात तं काहीच हालत नाही! झोपाळ्यात बसलं तरी पोटात गोळा येते. हे कसं काय इमान गं?"

"पोट नसलेलं विमान आहे, नाना," आई म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, जरा वरच्या पायरीवरून.

बारावीनंतर काय, हा प्रश्न एका रात्री भरीत-भाकरीच्या ताटावर आला. पप्पांनी विचारलं आणि मी, कांद्याच्या पातीकडे बघत, म्हणाले, "फ्लाइंग." घरात इतका मोठा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला होता. आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती हातातच राहिली.

"धुळ्याला आहे ना ते विमानाचं शिकवतात ते," पप्पा म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, ते हसले नाहीत.

"आणि पडलं तर?" आई म्हणाली.

"एसटी पण उलटते."

"एसटी जमिनीवर उलटते."

पप्पांनी चौकशी केली. धुळ्याच्या शाळेत एक निवृत्त हवाईदल अधिकारी, कॅप्टन सर, शिकवायचे, ते मला एकदा वर नेऊन आणायला तयार झाले. पप्पांची अट साधी होती: एकदा बसून ये, ते सर काय म्हणतात ते ऐकू, जमलं तर पुढचं बोलू, नाहीतर कॉलेजचा फॉर्म भरून मोकळं व्हायचं. मी लढाऊ विमानाचं स्वप्न कुणालाच सांगितलं नव्हतं. पण त्या एका फेरीवर ते सगळं टांगलेलं आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि मला जराही भीती नव्हती. छोटं दोन माणसांचं विमान, दोन-अडीच जीच्या वर कशाला जाईल? मी नऊची सवय असलेली.

आदल्या संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "हे बघ, आज रात्री पोटभर जेव. त्यानंतर उद्या विमानातून उतरून एकवीरेच्या पायावर डोकं ठेवेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी बोलून बसलेय तिला."

आईचं माहेर धुळ्याजवळचं, एकवीरा तिची माहेरची देवी. मी म्हणाले, "मला विचारायचं तरी."

"ज्याच्यासाठी नवस बोलतात त्याला विचारून बोलतात का कुणी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पप्पांना सांगू नको. हसतील. आणि हसल्यावर फळत नाही."

मी हो म्हटलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, मी हो म्हटलं ते नुसतं तिचं मन राखायला नव्हे. नवस बोलली म्हणजे तिनं मला जायला परवानगी दिली होती, तिच्या पद्धतीनं. ती परवानगी पाण्यापेक्षा मोठी होती. शिवाय सुट्टीच्या दिवसात मी सकाळपासून दुपारपर्यंत घोटभर पाणी न पिता उडवत बसायचीच की. विमान उडवायला पाणी लागतं, हे मला कुठल्याच गेमनं शिकवलं नव्हतं.

सकाळी निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडलं तसं ऊन चढत गेलं. पप्पा वाटेत चहाला थांबले. आईनं मला खिडकीतून नजरेनं दटावलं आणि मी झोपेचं सोंग घेतलं. धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर पोहोचलो तर आमचा नंबर पुढे ढकललेला. शिकणाऱ्या मुलांची उड्डाणं आधी होणार होती. पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसून आम्ही वाट बघत राहिलो. वैशाखातली धुळ्याची दुपार. धावपट्टीवर पाणी सांडल्यासारखं मृगजळ हलत होतं. माझ्या जिभेला टाळूचा स्पर्श कागदासारखा लागत होता. आईच्या पिशवीत खण, नारळ आणि भरलेली बाटली होती. ती पिशवी तिनं माझ्यापासून लांब, पलीकडच्या हाताला धरली होती.

कॅप्टन सर आले ते हसतच. उंच, पांढऱ्या मिश्या, आणि एक विचित्र गोष्ट: पप्पांनी बाजूनं हाक मारली तर ते मान वळवण्याऐवजी कमरेपासून सगळेच वळले, कपाटाचं दार उघडावं तसे. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"पप्पा सांगत होते, विमानांचा गेम खेळतेस. त्यात मागे कसं बघतेस, बेटा?"

"टोपीला एक क्लिप असते, सर. मान थोडीशी वळवली की पडद्यावर पूर्ण मागचं दिसतं."

"छान आहे. माझीही आता थोडीशीच वळते," ते म्हणाले, "पण मागचं काही दिसत नाही." आणि मोठ्यानं हसले. मग पप्पांना सांगू लागले, जोरात वळलेल्या विमानात शिरस्त्राणासकट डोकं अख्ख्या पोत्याएवढं जड होतं, आणि शत्रू नेहमी मागेच असतो. तारुण्यात बघितलं मागे वळून वळून. आता मणके हिशेब मागतात. पप्पा आदरानं मान हलवत होते. त्यांनी आयुष्यभर पोती-घड उचलणाऱ्या माणसांच्या माना बघितल्या होत्या, त्यांना ते लगेच कळलं. मला नाही कळलं. मला वाटलं, मी असते तर एवढी मोडले नसते.

विमान वर गेलं तेव्हा आधी वास आला, पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा. गेममध्ये वास नसतो. मग धक्के, तापलेल्या जमिनीवरून हवा उकळून वर येत होती आणि विमान खड्ड्यांतल्या रिक्षासारखं उडत होतं. खाली पांझरेचं कोरडं पात्र आणि लळिंगचा डोंगर. सरांनी स्टिक माझ्या हातात दिली, मी विमान सरळ ठेवलं, त्यांनी "वा" म्हटलं. घशात कोरड होती पण छातीत काहीतरी फुलून आलं होतं. ते म्हणाले, "आता जरा तिरपं वळू. दोन जी येईल. काही वाटलं तर बोल. ठीक?"

"येस सर."

विमान आडवं झालं. गाल खाली ओढले गेले. मांडीवरचा माझाच हात दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा जड झाला. सीट खालून वर दाबत होती. दोन जी, एवढंच, मी स्वतःला म्हणत होते, नऊच्या पुढे दोन म्हणजे काय. "ठीक?" सरांनी विचारलं. कानात एक बारीक शीळ सुरू झाली होती. मी करड्या वर्तुळाची वाट बघत होते. ते आलं की सांगू, असं काहीतरी. "येस सर," मी म्हणाले. "अजून?" "येस सर." त्यांनी वळण आवळलं आणि धरून ठेवलं.

पुढचं मला आठवतं ते असं की आई मिक्सर लावतेय आणि मी तिला सांगतेय, बंद कर, दिवा मंद होतोय. ती ऐकत नव्हती. मग तो आवाज इंजिनाचा झाला, माझे हात झटके खात होते, समोर एक पांढऱ्या मिशांचा माणूस माझं नाव घेत होता आणि तो कोण हे मला कळत नव्हतं. आभाळ सरळ झालेलं होतं. मधला वेळ गेलाच नव्हता. कुणीतरी तो कात्रीनं कापून घेतला होता. गेममध्ये मी शेकडो वेळा बेशुद्ध पडले होते, पण तेव्हा पडदा काळा व्हायचा आणि तो काळा पडदा बघायला मी तिथं असायची. इथं बघणारीच नव्हती. हा फरक कुठल्याही आलेखात सापडला नसता. आज इतक्या वर्षांनीही तो आठवला की तळहात ओले होतात.

सरांनी लगेच विमान उतरवलं. शेडपाशी पप्पा पुढे आले, आई तारेच्या कुंपणाशी पिशवी छातीशी धरून उभी. मी सरांमागून चालत आले. सर पप्पांना म्हणाले, "दोनच्या थोडं वर गेलो असू. एवढ्याला सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही. अशी प्रकृती असेल तर मी हो म्हणू शकत नाही, साहेब. आधी डॉक्टरला दाखवा." मग माझ्याकडे वळले, सगळेच्या सगळे. "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"नाश्ता करूनच निघालो आम्ही," पप्पांनी उत्तर दिलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, लांब लळिंगकडे बघत होती. मी गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत मिटलं असतं. आम्ही देवीला गेलो असतो, मी पाणी प्याले असते, कॉलेजचा फॉर्म भरला असता, आणि आई पप्पांसमोर, एका परक्या माणसासमोर उघडी पडली नसती. गप्प राहणं मला येत होतं. त्यात तर मी आमच्या गटातही पहिली होते. पण आत कुठेतरी तो कापून नेलेला वेळ होता, आणि तो माझ्या प्रकृतीच्या नावावर कायमचा लिहिला जाणार होता.

"मी काही खाल्लं नाहीये," मी म्हणाले. "काल रात्रीपासून पाणीसुद्धा नाही. नवस होता."

"कुणाचा नवस?" पप्पांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

कॅप्टन सर लगेच वळले. मग शेडमधून मीठ-साखर घातलेल्या पाण्याचा ग्लास आणला आणि माझ्या हातात दिला. "पी."

"सर, देवीच्या आधी..."

"पी, बेटा."

मी प्याले. ग्लास तोंडाला लावताना कुंपणापलीकडे आईनं डोळे मिटून घेतले ते मला दिसलं. सर तिच्याजवळ गेले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "ताई, मीही देव मानतो. माझी आई मी उडायचो त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पण मी जेवून जायचो." मग मला म्हणाले, "उपाशी होतीस हे मी एक वेळ समजू शकतो. तीनदा विचारलं, तीनदा येस सर म्हणालीस. वरती शरीरात काय होतंय ते बोललंच पाहिजे. जो बोलत नाही त्याच्याबरोबर मी बसत नाही." आणि पप्पांना: "आजचं मी धरत नाही. परत पाठवायची की नाही, तुम्ही ठरवा."

देवळापाशी आई गाडीतून उतरली आणि मला म्हणाली, "तू बसून राहा. आता काय उपयोग." ती एकटी आत गेली. परतीच्या वाटेवर पप्पा एकदाच बोलले. "मला सांगितलं असतं तर मी हसलो नसतो." आई खिडकीबाहेर बघत होती. "हसला असता," ती म्हणाली.

त्यानंतरचे आठवडे घरात आवाज होते पण बोलणं नव्हतं. ताट वेळेवर यायचं, भाजी माझ्या आवडीची असायची, आणि वाढणारा हात वाढून लगेच मागे जायचा. मी चुकले असं आई कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते. मी कॉम्प्युटर लावायची, एक-दोन वळणं घ्यायची, कडेनं ते करडं वर्तुळ आवळत आलं की मी स्टिक सोडून द्यायची. गटातल्या मुलांनी विचारलं, कुठे गायब आहेस? मी काहीच टाइप केलं नाही.

मग सरांचा पप्पांना फोन आला, सहज, पोरगी कशी आहे विचारायला. पप्पांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला म्हणाले, "मी काही ठरवणार नाही. तुझं आणि तुझ्या देवीचं काय ते बघ, मग सांग." आई बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवत होती. ती ते घट्ट पीठ घाटत राहिली. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार.

"येत्या मंगळवारी जाऊ," ती म्हणाली.

त्या मंगळवारी पहाटे तिनं माझ्यासमोर दशम्या, दही आणि सावद्याची दोन केळी ठेवली. पाण्याचा तांब्या ठेवला. "खा सगळं."

"आणि तू?"

"माझं मी बघते. तुझा उपास मी माझ्यावर घेतलाय."

तिच्या ओठांकडे बघितलं तेव्हा कळलं, हिनं आदल्या दिवसापासूनच पाणी सोडलेलं होतं. मी पप्पांकडे बघितलं. त्यांना या खेपेला माहीत होतं. ते मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधत होते. "कालपासून सांगतोय," ते पुटपुटले, "ऐकते का?"

विमानात बसण्याआधी सरांनी मला शिकवलं: जी वाढायला लागला की पोटऱ्या आणि मांड्या दगडासारख्या आवळायच्या, पोट घट्ट, श्वास अडवून थोडा थोडा सोडायचा, म्हणजे रक्त वरच राहतं. आणि सतत बोलायचं. आमच्यात ठरलं, मी गप्प झाले की ते विमान सरळ करणार. वळण सुरू झालं. मी आयुष्यात एवढी बडबड कधी केली नव्हती. "सर, हात जड झाला. सर, गाल ओढतायत. सर, शीळ नाहीये अजून. सर, कडा करड्या होतायत, उजवीकडून आधी." "शाब्बास, आवळ." मी आवळलं. घाम डोळ्यांत गेला, मांड्या थरथरायला लागल्या, आणि करडेपणा तिथंच थांबला. गेममधल्यासारखा तो सुंदर, गोल नव्हता. मळक्या फडक्यानं कुणी काच पुसावी तसा होता. सरांनी विमान सरळ केलं, आणि मी धापा टाकत म्हणाले, "सर, मी आहे." ते हसले. "दिसतंय. म्हणजे ऐकू येतंय."

वरून मला शेडची पत्र्याची चौकट दिसत होती आणि तिच्या सावलीबाहेर, कुंपणाशी, एक बारीक ठिपका. सावलीत ये म्हणून तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. वर बसून मला ते सांगता येत नव्हतं. दोन जी मला आता पेलत होते, पण आनंद झाला का विचाराल तर नीट सांगता येणार नाही.

खाली सरांनी पप्पांना सांगितलं, "कोर्सला घ्यायला माझी हरकत नाही." पप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लढाऊ विमानाचं मी सरांना तेव्हाही विचारलं नाही, पुढेही नाही. त्यात मी कधी बसले नाही. छोटी विमानं मात्र उडवते, आणि उडवण्याआधी खाते. आईला हाताला धरून मी गाडीत बसवलं. तिचा हात तापलेला आणि कोरडा होता, वाळत घातलेल्या बिबड्यासारखा.

मंगळवार, म्हणून देवळात रांग होती. आई खांबाला टेकून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मी हळूच म्हणाले, "आई, प्रत्येक वेळी असंच करणार आहेस?"

"किती वेळा जायचं असतं वर?"

"कोर्स सुरू झाला की रोज."

"रोज?" तिनं माझ्याकडे बघितलं. कित्येक आठवड्यांनंतर सरळ माझ्या डोळ्यांत. "रविवारी पण?"

"हवा चांगली असेल तर रविवारी पण."

तिनं खांब सोडला. रांग सरकत गेली. गाभाऱ्याशी आलो, तिनं ओटी भरली, नारळ ठेवला, आणि डोकं टेकून तशीच थांबली. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. गुरव म्हणाला, "चला ताई, पुढे चला." ती हलली नाही. आमच्याशी ती शहरातलं मराठी बोलायची. अहिराणी फक्त फोनवर आजीशी आणि इथं. ती देवीशी बोलत होती, कुजबुजत, पण मी अगदी खेटून उभी होते, मला ऐकू आलं.

"माय, रोज मन्हाथीन उपास व्हवाव नही. मी आते म्हतारी व्हई ऱ्हायनू. तू मात्र हाई पोरले रोज देख."